सरळ रेषेची राखण

वाशीचा इतिहास सांगताना आपण ठरावीक टप्पे सांगतो. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी हे शहर उभारण्यासाठी सिडकोची स्थापना झाली. १९७३ मध्ये ठाणे खाडीवरचा पूल खुला झाला आणि वाशी नव्या शहराचा पहिला नोड ठरली. १९९२ च्या मे महिन्यात मानखुर्दहून लोकल खाडी ओलांडून आली. हा नियोजनाचा इतिहास आहे आणि तो खराच आहे. पण वाशीला लागून, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने तुर्भे, पावणे, महापे, रबाळे असा जो एमआयडीसीचा, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाचा, पट्टा पसरला आहे, त्याचा इतिहास मात्र मोठ्या कंपन्यांची नावे घेऊन संपतो. नोसिल, पॉलिओलेफिन्स, हर्डिलिया, कळव्याची सीमेन्स ही नावे येतात. या पट्ट्यातल्या शेकडो गाळ्यांत कोणती यंत्रे होती, ती इतकी वर्षे कशी टिकली आणि ती चालती कोणी ठेवली, हे प्रश्न कोणी विचारत नाही. या लेखाचा विषय त्यांतलेच एक काम आहे: जुन्या मिलिंग मशीनच्या, आणि पुढे सीएनसी (संगणकनियंत्रित) मिलिंग मशीनच्या, झिजलेल्या स्लाइडवे पुन्हा सरळ करणे. हे काम टंचाईच्या दिवसांतली तात्पुरती सोय होती, असे मानले जाते. मला ते पटत नाही. लहान कारखानदाराला अचूकता परवडली ती याच कारागिरीमुळे, आणि टंचाई संपल्यावर तिची गरज वाढली. ती इतिहासात नोंदली गेली नाही, म्हणूनच आज ती शिकवण्याकडेही दुर्लक्ष होत आहे.

आधी झीज म्हणजे काय ते नीट पाहू. मिलिंग मशीनचे टेबल डावी-उजवीकडे, सॅडल पुढे-मागे आणि हेड वर-खाली सरकते. ज्या वाटेने ते सरकतात ती वाट म्हणजे स्लाइडवे, बिडाच्या ओतकामावर सपाट केलेल्या लांब पट्ट्या. कंट्रोलच्या पडद्यावर कोणताही आकडा दिसो, कटर जातो तो या पट्टीच्या वाटेने. पट्टी वाकडी तर जॉब वाकडा. झीज सगळीकडे सारखी झाली असती तर काम सोपे होते, पण तशी ती कधीच होत नाही. व्हाइस टेबलाच्या मध्यभागी बांधलेला असतो, जॉब दोनशे-अडीचशे मिलिमीटरचे असतात, त्यामुळे वर्षानुवर्षे पट्टीचा मधलाच भाग घासला जातो आणि दोन्ही टोके जवळजवळ कोरी राहतात. त्यात कुलंटच्या पाण्याने स्लाइडवेचे तेल धुऊन निघते. वायपर फाटला असेल तर चिप्सची बारीक बुकटी आत शिरते, मऊ पृष्ठभागात रुतून बसते आणि समोरच्या कठीण पट्टीला घासत राहते. तेलाची एखादी नळी तुंबली तर एक बाजू कोरडीच चालते. मग टेबल डुलू लागते, फिनिशवर लाटा दिसतात, आणि पहिला उपाय म्हणून फिटर जिब, म्हणजे स्लाइडवेमधली फट घालवणारी पट्टी, आवळतो. मधला प्ले गेला की टेबल टोकाला जाऊन जाम होते. टोकाला मोकळे केले की मध्ये पुन्हा डुलते. एवढे दिसले की जिबने भागणार नाही, मशीन उघडावेच लागणार, हे अनुभवी फिटरला कळून चुकते.

उघडल्यावर जे करायचे त्याची मुळे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये आहेत. लंडनमध्ये हेन्री मॉड्स्ले याच्या कारखान्यात सपाट पृष्ठभागाला सगळ्या अचूकतेचा पाया मानत. त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे निबंध वाचला आणि खरा सपाट पृष्ठभाग कसा मिळवायचा ते मांडले. तोपर्यंत दोन पृष्ठभाग एमरी पावडर घालून एकमेकांवर घासण्याची रीत होती. व्हिटवर्थने तिच्यातला दोष दाखवला: पावडर कुठे जास्त कापेल यावर कारागिराचा ताबा राहत नाही. त्याने सांगितलेला मार्ग असा की एका पृष्ठभागावर रंगाचा पातळ थर द्यायचा, दुसरा त्यावर टेकवायचा, जिथे रंग उठेल तो उंचवटा समजायचा आणि धारदार स्क्रेपरने नेमका तेवढाच खरवडायचा. दोनच प्लेटा असतील तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या एकमेकींत चपखल बसू शकतात आणि चूक झाकली जाते. म्हणून प्लेटा तीन हव्यात. तिन्ही आळीपाळीने एकमेकींशी जुळवल्या आणि तिन्ही जुळल्या, तर त्या सपाटच असल्या पाहिजेत. या पद्धतीचे मोठेपण असे की तिला आधीपासून अचूक असलेले कोणतेही यंत्र लागत नाही. अचूकता इथे नव्याने जन्माला येते, आणि ती हाताने येते. लेथ, प्लेनर, मिलिंग ही सगळी यंत्रे पुढे या पृष्ठभागांवरून मोजून घडली. म्हणजे यंत्राची अचूकता मुळात कारागिराने दिलेली आहे, आणि जे हाताने दिले गेले ते झिजल्यावर हाताने परत देता येते. दुरुस्तीचा सगळा व्यवहार या एका गोष्टीवर उभा आहे.

मुंबईत ही कारागिरी रेल्वेबरोबर रुजली. जीआयपी रेल्वेचे परळ वर्कशॉप १८७९ चे, माटुंग्याचे १९१५ चे. इंजिनाच्या व्हाइट मेटलच्या बेअरिंगला शाफ्ट निळ्या रंगात फिरवून स्क्रेपरने बसवणे हे तिथल्या फिटरचे रोजचे काम होते. गोदीत आणि कापड गिरण्यांच्या मेकॅनिक खात्यांतही तेच हात लागत. दुसऱ्या महायुद्धात परदेशी यंत्रे येणे जवळपास थांबले. १९४१ मध्ये सरकारने मशीन टूल्सवर नियंत्रणाचा आदेश काढला, आणि त्याच वर्षी किर्लोस्करांनी हरिहरला म्हैसूर किर्लोस्करचा लेथचा कारखाना उभारला. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये बंगळूरला स्विस ओर्लिकॉनच्या सहकार्याने हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे एचएमटी, सुरू झाली. पुढे तिच्या पिंजोरच्या कारखान्यातली मिलिंग मशीने देशभर गेली. १९६१ मध्ये जर्मन सहकार्याने भारत फ्रिट्झ वर्नर (बीएफडब्ल्यू) आली, आणि १९६० च्या दशकात वाहने बनवणाऱ्या टेल्कोने पुण्यात कारखाना उभारताना सुरुवातच प्रशिक्षण केंद्र आणि मशीन टूल विभागापासून केली. टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या त्या निर्णयात एक समज होती: यंत्र बांधणारे हात आधी तयार करावे लागतात, वाहन नंतर बनते. या कारखान्यांच्या असेंब्ली विभागांत बेड आणि सॅडल एकमेकांना स्क्रेपिंगने जुळवले जात. तिथे शिकलेला फिटर पुढे बाहेर पडला की हे ज्ञान घेऊनच बाहेर पडे.

ठाणे-बेलापूर पट्टा नेमका याच काळात आकाराला आला. १९६१ चा औद्योगिक विकास कायदा, १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेली एमआयडीसी, १९६४ पासूनची सवलतींची योजना आणि १९६६ ची सिकॉम ही वित्तसंस्था यांतून राज्याने उद्योग मुंबईबाहेर काढायचे धोरण राबवले. सिडको ही सुरुवातीला सिकॉमचीच उपकंपनी होती, हे फारसे कोणी लक्षात ठेवत नाही. खाडीच्या पूर्वेला रसायनांचे मोठे कारखाने आधी आले आणि त्यांनी कामाचा एक प्रकार बरोबर आणला. पंपाचा शाफ्ट, इम्पेलर, व्हॉल्व्हची बॉडी, फ्लँज, सील बसवायची जागा, मिक्सरचा गिअर असा एखादाच नग, तोही तातडीने हवा. प्लँट बंद पडला असताना एका नगासाठी परदेशाची वाट कोण पाहील? त्यामुळे मोठ्या कारखान्यांच्या अवतीभवती जॉबवर्क करणारे गाळे उभे राहिले. त्यांच्याकडे बटाला, लुधियाना, राजकोटचे लेथ होते, एचएमटी किंवा बीएफडब्ल्यूचे मिलिंग असले तर ती प्रतिष्ठेची गोष्ट होती, आणि यंत्र नवे घेतलेले असेलच असे नव्हते. मशीन टूल्सच्या खरेदीसाठी नागदेवी स्ट्रीट, जुन्या मालासाठी कुर्ला, आणि पूल झाल्यावर दोन्ही जवळ आले. एका नगाच्या कामात अचूकता यंत्राकडूनच यावी लागते. हजार नग करायचे असतील तर जिग-फिक्श्चर बनवून झिजलेल्या मशीनवरही निभावता येते. एकच नग असेल तर तो खर्च परवडत नाही. जॉबवर्कच्या गाळ्याला सरळ स्लाइडवेची गरज मोठ्या कारखान्यापेक्षा जास्त होती, आणि नवे यंत्र घेण्याची ऐपत सर्वांत कमी. या दोन टोकांना जोडणारा माणूस म्हणजे मशीन रीकंडिशनिंग करणारा फिटर.

सीएनसी आल्यावर या माणसाची गरज संपेल, असे वाटणे स्वाभाविक होते. पण सीएनसीचा स्वतःचा इतिहास वेगळे सांगतो. १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीने जगातले पहिले संख्यानियंत्रित मिलिंग मशीन दाखवले तेव्हा त्यांनी नवे यंत्र ओतले नव्हते. आधीच तयार असलेल्या सिनसिनाटी हायड्रोटेल मिलिंगला त्यांनी सर्व्हो आणि नियंत्रण जोडले होते. आजच्या भाषेत ते रेट्रोफिटिंगच होते. नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाले, पण वाट लोखंडाचीच राहिली आणि तिच्याकडून अपेक्षा वाढली. हाताने चालवताना ऑपरेटर हँडव्हीलवर जडपणा ओळखतो आणि हात सावरतो. सर्व्हो मोटरला एका मायक्रॉनचा हुकूम मिळाला की ती स्क्रू फिरवते. टेबल चिकटून बसले असेल तर ते जागचे हलत नाही, ताण साठत जातो आणि मग एकदम उडी मारते. स्थिर घर्षण आणि चालू घर्षण यांतल्या फरकाचा हा परिणाम, आणि वर्तुळ काढताना दिशा बदलते तिथे तो डागासारखा उमटतो. म्हणून सीएनसीच्या बांधणीत बेडच्या पट्ट्या कठीण करून ग्राइंड केल्या जाऊ लागल्या आणि सॅडलच्या खालच्या बाजूला टर्साइट, म्हणजे कांस्य मिसळलेल्या पीटीएफईचा निळसर-हिरवट पट्टा, चिकटवला जाऊ लागला. टर्साइटचे स्थिर आणि चालू घर्षण जवळपास सारखे असते, म्हणून उडी बसत नाही. पण हा पट्टाही चिकटवून मोकळे होता येत नाही. त्याला तेलाचे चर पाडून समोरच्या पट्टीशी स्क्रेपिंगनेच जुळवावे लागते. तंत्र बदलले तसा स्क्रेपर बिडावरून टर्साइटवर आला, एवढेच.

बीएफडब्ल्यूच्या सूर्या व्हीएफ ३० सारखे एखादे जुने सीएनसी मिलिंग गाळ्यात उघडले जाते तेव्हा कामाचा क्रम ठरलेला असतो, आणि त्या क्रमातच कारागिरीचा विचार दिसतो. आधी यंत्राचे सध्याचे माप घेतले जाते: मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी स्पिरिट लेव्हल पट्टीवर टप्प्याटप्प्याने ठेवून चढ-उतार लिहायचा, गुण्या आणि डायल लावून एक्स-वायचा काटकोन पाहायचा. मग टेबल, सॅडल उतरतात. सर्वांत खाली असलेला बेड आधी दुरुस्त होतो, कारण बाकी सगळे त्याच्यावरून मोजायचे असते. बेड कठीण केलेला असेल तर त्यावर स्क्रेपर चालत नाही, तो स्लाइडवे ग्राइंडिंगला पाठवावा लागतो. ग्राइंडिंगमध्ये बेडचे जेवढे लोखंड जाईल तेवढे सॅडल खाली बसणार, आणि सॅडल खाली बसले की बॉलस्क्रूच्या नटचे केंद्र सरकणार. म्हणून टर्साइटची जाडी आधी हिशोब करून निवडतात. जुना पट्टा खरवडून काढणे, तेलाचा अंशही राहणार नाही असे साफ करणे, चिकटवून दाबाखाली रात्रभर ठेवणे, चर पाडणे, आणि मग खरे काम. बेडला निळ्याचा इतका पातळ हात द्यायचा की तो रंगापेक्षा सावलीसारखा दिसावा. सॅडल त्यावर थोडे पुढे-मागे करून उलटायचे. जिथे निळे उठले ते उंच. तिथे स्क्रेपरचा आखूड फटकारा, पुढच्या फेरीला आडवा फटकारा, पुन्हा निळे, पुन्हा उलटणे. एका फटकाऱ्यात काही मायक्रॉनच निघतात. तुलनेसाठी, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. सुरुवातीला चार-दोन मोठे ठिपके दिसतात, ते फुटत फुटत एका चौरस इंचात पंधरा-वीस पॉइंट सारखे पसरले की मॅचिंग आले असे समजतात. त्या पॉइंटांमधल्या खळग्यांत तेल राहते. आरशासारखे घासलेले दोन पृष्ठभाग तेल बाहेर ढकलून एकमेकांना चिकटतात, म्हणून इथे गुळगुळीत दिसण्याला किंमत नाही. सॅडलनंतर टेबल, मग जिब, आणि शेवटी कॉलमचा काटकोन. वरचे आधी केले तर खालचे बदलताच सगळे वाया जाते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप अर्थकारणाचा आहे. परदेशी चलनाची चणचण, आयात परवाने, १९६६ चे रुपयाचे अवमूल्यन या परिस्थितीत यंत्र मिळतच नव्हते, म्हणून लोक जुनेच घासून वापरत होते. ती मजबुरी होती, तिला परंपरा कशाला म्हणायचे? या आक्षेपात तथ्य आहे. टंचाईने या कामाला बाजार दिला, हे नाकारता येणार नाही. पण हा आक्षेप पूर्ण खरा असता तर १९९१ नंतर, आयातीचे निर्बंध सैल होत गेल्यावर, हे काम आटले असते. झाले उलटे. निर्बंध उठताच जपान, जर्मनी, ब्रिटन, तैवान इथून वापरलेली सीएनसी यंत्रे येऊ लागली. तिथल्या कारखान्यांनी पंधरा-वीस वर्षे राबवून सोडलेली, फानुक ६एम सारखे जुने कंट्रोल असलेली ही यंत्रे नव्याच्या किमतीच्या तुलनेत कितीतरी स्वस्त होती. त्यांचे ओतकाम भक्कम होते, कंट्रोल बदलता येत होते, आणि अडत होते ते झिजलेल्या स्लाइडवेपाशी. ज्या गाळ्याने कधी सीएनसीची आशा केली नव्हती त्याच्याकडे सीएनसी आले ते या दुरुस्तीच्या बळावर. मजबुरीने शिकलेली विद्या पर्याय आल्यावर टिकली, कारण ती आधीपासूनच मजबुरीपेक्षा मोठी होती. दुर्मीळ वस्तू जपण्यापासून तिची सुरुवात झाली आणि पुढे तिने मोठ्यांची वस्तू लहानांच्या आवाक्यात आणून दिली.

दुसरा आक्षेप तंत्राचा आहे आणि तो तरुण अभियंत्यांकडून हमखास येतो. आज लेझर इंटरफेरोमीटरने मापून कंट्रोलमध्ये भरपाईचे आकडे टाकता येतात, मग लोखंड कशाला खरवडायचे? आकड्यांची भरपाई उपयोगी आहे, पण कशासाठी, हे पाहायला हवे. स्क्रूच्या पिचमधली चूक ठरावीक जागी ठरावीक असते, ती कंट्रोल पुसू शकतो. जुन्या कंट्रोलमध्ये बॅकलॅशसाठी, म्हणजे दिशा बदलताना वाया जाणाऱ्या हालचालीसाठी, एका अक्षाला एकच आकडा देता येतो. झिजलेल्या टेबलाचा बॅकलॅश मध्ये वेगळा आणि टोकाला वेगळा असतो. मध्याचा आकडा भरला तर टोकाला चूक, टोकाचा भरला तर मध्याला. त्याहून मोठी अडचण म्हणजे झिजलेले टेबल सरकताना किंचित झुलते, आणि किती झुलेल ते कटरच्या दाबावर आणि दिशेवर ठरते. कटरने ओढले तर एका बाजूला, ढकलले तर दुसऱ्या. जी चूक दर कापाला बदलते तिला आधी लिहून ठेवलेला आकडा कसा पुरणार? नव्या कंट्रोलमध्ये सरळपणाची आणि काटकोनाचीही भरपाई करता येते, हे खरे. पण त्यासाठीही यंत्र पुन्हापुन्हा तसेच वागले पाहिजे, आणि तसे वागण्याची हमी स्लाइडवेच देते. भरपाई ही चांगल्या लोखंडावरची शेवटची बारीक दुरुस्ती आहे. ढिल्या लोखंडाला ती आधार देऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप काळाचा आहे. नव्या मशीनिंग सेंटरमध्ये बॉलवर चालणाऱ्या लिनिअर गाईड असतात. त्या झिजल्या की काढून नव्या बसवायच्या, स्क्रेपिंगचा प्रश्नच नाही. मग संपत चाललेल्या विद्येचा शोक कशाला? लिनिअर गाईडने हलक्या आणि वेगवान कामाचा मोठा भाग घेतला आहे आणि तो तिला योग्यच आहे. पण जड कापासाठी, कंप शोषून घेण्यासाठी, रुंद पट्ट्यांचे बॉक्स वे आजही बनतात. आणि लिनिअर गाईडची रेल ज्या बिडाच्या पायरीवर बसते ती पायरी वाकडी असेल तर रेलही वाकडी होते. जगातल्या सर्वांत अचूक यंत्रांचे निर्माते म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या जपानच्या यासदा किंवा मित्सुई सेकी या कंपन्या आजही हाताने स्क्रेपिंग करतात आणि ते अभिमानाने सांगतात. जे काम जपानमध्ये सर्वोच्च दर्जाची खूण मानले जाते, तेच आपल्याकडे मागासलेपणाची खूण ठरते. हा फरक कामात नाही. त्या कामाला आपण देत असलेल्या प्रतिष्ठेत आहे.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो ग्राहकाच्या अनुभवातून येतो. रीकंडिशन केलेले मशीन सहा महिन्यांत पुन्हा ढिले होते, वरून रंग मारून आणि पट्टीवर स्क्रेपरची चंद्रकोरीची नक्षी काढून मशीन नवे म्हणून गळ्यात मारले जाते. असे प्रकार होतात, आणि त्यांनी चांगल्या कारागिरांच्या पोटावर पाय दिला आहे. नक्षी काढायला अर्धा दिवस पुरतो. मॅचिंग काढायला आठवडे जातात. आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. पण याचा अर्थ दुरुस्ती टिकत नाही असा होत नाही. जुन्या ओतकामाला एक गुण असतो: ओतताना आणि कापताना लोखंडात अडकलेले ताण वर्षानुवर्षांत निघून गेलेले असतात, त्यामुळे त्याचा आकार स्थिरावलेला असतो. अशा बेडवर नीट ग्राइंडिंग, नीट टर्साइट, नीट स्क्रेपिंग झाले आणि तेलाच्या नळ्या, वायपर बदलले, तर ते दीर्घकाळ टिकू नये असे कोणतेही तांत्रिक कारण नाही. प्रश्न तपासणीचा आहे, आणि त्याचे उत्तर जुनेच आहे. बर्लिनच्या गेऑर्ग श्लेसिंगर यांनी १९२७ मध्ये मशीन टूल्सच्या स्वीकृती-चाचण्यांचे तक्ते प्रसिद्ध केले: कोणती लेव्हल कुठे ठेवायची, डायल कुठे लावायचा, किती फरक चालेल. भारतीय मानकांत आयएस २०६३ आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएसओ २३० ही त्याच विचाराची पुढची रूपे. दुरुस्तीआधीचा तक्ता आणि नंतरचा तक्ता, दोन्ही सह्यांसह ग्राहकाच्या हातात पडले तर नक्षीवाल्याचा धंदा बसेल आणि कारागिराची किंमत कागदावर दिसेल. प्रत्येक यंत्र वाचवण्याजोगे असते असेही मी म्हणत नाही. ओतकामाला तडा गेला असेल, स्पिंडल आणि बॉलस्क्रू दोन्ही गेले असतील, तर भंगारात देणेच शहाणपणाचे. पण हा निर्णय मापावरून व्हावा, वयावरून नव्हे.

या कारागिरीचा लेखी पुरावा इतका थोडा का, हेही विचारले पाहिजे. याचे कारण तिच्या स्वरूपात आहे. नवे यंत्र बनले की त्याला नंबर मिळतो, कॅटलॉग छापला जातो, उद्घाटन होते. दुरुस्त केलेले यंत्र जुन्याच नावाने, जुन्याच नेमप्लेटने चालू राहते. दुरुस्ती जितकी चांगली तितकी ती दिसेनाशी होते. मोठ्या कारखान्याचा ताळेबंद ग्रंथालयात सापडतो, गाळ्याची चलनपुस्तिका जागा बदलताना टाकून दिली जाते. त्यामुळे इतिहासकाराला इथे कागदाइतकेच लोखंड वाचावे लागते. सॅडल उलटले की जुन्या पट्टीखाली आधीच्या स्क्रेपिंगचे फटकारे दिसतात, टर्साइटचा थर दुसऱ्यांदा चढवलेला दिसतो, नटच्या ब्रॅकेटखाली घातलेली शिम दिसते. हे सगळे साक्षीपुरावेच आहेत. कोणत्या यंत्राला किती आयुष्य मिळाले, ते कोणत्या हातांनी दिले, हे त्यांवरून काढता येते. पण हा पुरावा यंत्र भंगारात गेले की वितळतो.

आणि तो वितळण्याची घाई झाली आहे. महापे, रबाळे, ऐरोली या भागांत आयटी पार्क आणि डेटा सेंटर आले, जमिनीचे भाव चढले, आणि महिनाभर एक मशीन उघडे टाकून बसणे गाळ्याला महाग पडू लागले. शहर बदलते, त्याला विरोध करण्याचे कारण नाही. चिंता शिक्षणाची आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने हाताखाली शिकण्याला चौकट दिली. आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये स्क्रेपिंग आजही अभ्यासक्रमात आहे, आणि मशीन टूल मेंटेनन्सचा स्वतंत्र ट्रेडही आहे. पण हाताला पॉइंट ओळखू यायला लागणारा काळ अभ्यासक्रमाच्या तासांत मावत नाही. तो खऱ्या मशीनवर, जाणत्या फिटरच्या शेजारी उभे राहून घालवावा लागतो. तसे फिटर आता निवृत्तीच्या वयात आहेत, आणि शिकायला येणारा मुलगा प्रोग्रॅमिंगकडे जातो, कारण पगार आणि मान दोन्ही तिकडे आहेत.

म्हणून मागणी तीन गोष्टींची आहे, आणि तिन्ही इथे करता येण्यासारख्या आहेत. पहिली, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या उद्योजक संघटनांनी रीकंडिशनिंगसाठी चाचणी-तक्ता सक्तीचा मानावा. आपल्या सभासदांनी तो मागावा, आणि त्याशिवाय बिल चुकते करू नये. दुसरी, वाशीच्या फादर अ‍ॅग्नेलसारख्या तंत्रशिक्षण संस्थांनी आणि आयटीआयंनी एक झिजलेले मिलिंग मशीन घ्यावे, जाणत्या फिटरला मानधन देऊन बोलवावे, आणि बेडपासून कॉलमपर्यंतचे पूर्ण काम विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. त्याचे चित्रीकरण मराठीत व्हावे. तिसरी, या शहराचा औद्योगिक इतिहास लिहिणाऱ्यांनी या फिटरांच्या मुलाखती आताच घ्याव्यात. नवी मुंबई नियोजनकारांनी आखली हे खरे, पण इथल्या पंपांचे शाफ्ट आणि व्हॉल्व्हच्या बॉडी ज्या सरळ रेषेवर कापल्या गेल्या ती रेषा फिटरांनी हाताने राखली. त्यांची नावे लिहून घ्यायला अजून वेळ आहे, पण तो फार नाही.